तुम्ही विचारलंत म्हणून: घरच्या सर्व्हरसाठी कुठलं मशीन घेऊ?

घरचा सर्व्हर म्हणजे घरातल्या सगळ्यांचे फोटो-फाइल एका जागी ठेवणारं, कायम चालू असलेलं मशीन. ते कुठलं घ्यावं हा प्रश्न मला ओळखीतले इतके जण विचारतात की म्हटलं एकदा लिहूनच टाकावं. १ जून २०२१ पासून गूगल फोटोजचं अमर्याद फुकट प्रकरण बंद झालं आणि सगळं त्या १५ जीबीत मोजलं जायला लागलं, तेव्हापासून तर जास्तच. तर उत्तर असं की मशीन नंतर बघू, आधी राउटरच्या मागे वाकून बघा.

कारण बहुतेक घरांत मशीन नाही, वायर आडवी येते. कनेक्शनसोबत फुकट आलेल्या राउटरचे पोर्ट (वायर खुपसायच्या जागा) बऱ्याचदा १०० एमबीपीएसचेच असतात, म्हणजे फाइल कॉपी होणार सेकंदाला ११-१२ एमबीने, मग तुम्ही लाखाचं मशीन लावा नाहीतर जुना लॅपटॉप. लग्नाच्या व्हिडिओची १० जीबीची फाइल असेल तर पंधराएक मिनिटं. तेच गिगाबिट (१००० एमबीपीएस) असेल तर दीड-दोन मिनिटांत काम होतं (डिस्क बरी असली तर). ठाण्यात मावसभावाकडे राउटर गिगाबिट होता तरी स्पीड येईना, कनेक्टर काढून बघितला तर त्या पारदर्शक प्लास्टिकमधून आठाऐवजी चारच तारा आत गेलेल्या दिसत होत्या, बाकीच्या चार कापून टाकलेल्या. १०० ला चार पुरतात, गिगाबिटला आठही लागतात. नवा कनेक्टर क्रिंप करून (दाबून बसवून) घेतला, झालं. लिनक्सवर (विंडोजसारखीच, पण फुकट ऑपरेटिंग सिस्टिम) इथटूल ही कमांड चालवली की स्पीड १००० आहे का १०० ते लगेच कळतं.

आता मशीन. माळ्यावरचा जुना लॅपटॉप काढा. खरंच. नुसता चालू असताना १५ वॉट खाईल असं धरलं तर महिन्याला ११ युनिट, आणि लाइट गेली तर स्वतःची बॅटरी आहेच, फक्त ती फुगलेली नाही ना ते आधी बघा, फुगली असेल तर काढून टाका, त्यात काटकसर नको. रास्पबेरी पाय (तळहाताएवढा कॉम्प्युटर) घ्यायचाच असेल तर ४ किंवा त्यापुढचा, कारण त्याच्या आधीच्यांना पूर्ण गिगाबिट मिळतच नाही.

त्यावर डेबियन (लिनक्सचाच एक प्रकार) आणि सांबा. सांबा म्हणजे विंडोज ज्या पद्धतीने फोल्डर शेअर करतं तीच लिनक्सला शिकवणारं सॉफ्टवेअर, ऑस्ट्रेलियात अँड्र्यू ट्रिजेलने १९९२ च्या सुमाराला सुरू केलेलं. लिनक्सचा पासवर्ड असला तरी सांबाचा पासवर्ड स्वतंत्रपणे सेट करावा लागतो, एसएमबीपासडब्ल्यूडी कमांडने, आणि निम्मे लोक इथेच अडकून मला फोन करतात. राउटरमध्ये सर्व्हरचा आयपी (नेटवर्कवरचा पत्ता) पक्का करून टाका, नाहीतर राउटर रिस्टार्ट झाल्यावर 'फोल्डर गायब झालं' म्हणून घरात बोंब. आणि जुना टीव्ही चालावा म्हणून कोणी एसएमबी १ (फोल्डर शेअर करायच्या त्याच पद्धतीची जुनी आवृत्ती) चालू करायला सांगितलं तर अजिबात ऐकू नका, २०१७ चा वॉनाक्राय, फाइल कुलूपबंद करून खंडणी मागणारा व्हायरस, त्याच दारातून घुसला होता. टीव्हीला पेनड्राइव्ह लावा.

ऑफिसातून घरच्या फाइल उघडायच्या असतील तर राउटरमध्ये पोर्ट, म्हणजे इंटरनेटवरून आत यायचं दार, उघडायच्या भानगडीत पडू नका, आपल्याकडे बरेच प्रोव्हायडर एकच पब्लिक आयपी अनेक घरांत वाटतात, त्यामुळे ते बहुधा चालतही नाही. टेलस्केल (आपली मशीनं इंटरनेटवरून आपसात सुरक्षित जोडणारं सॉफ्टवेअर) टाका, दहा मिनिटांचं काम आहे.

राहिला दुसरा नेहमीचा प्रश्न, रेड (दोन डिस्कवर एकाच वेळी तेच लिहिणं) लावलं की बॅकअप झाला ना? नाही झाला. मुलाने फोल्डर उडवलं तर ते दोन्ही डिस्कवरून त्याच क्षणी उडतं. घरासाठी त्यापेक्षा दुसरी डिस्क यूएसबीने लावून रात्री आरसिंक (नव्या-बदललेल्या फाइल कॉपी करणारा प्रोग्रॅम) चालवणं बरं, तेही डिलीटचा पर्याय न देता, म्हणजे इकडे उडालेलं तिकडे राहतं, आणि तिसरी एक कॉपी भावाच्या नाहीतर आईच्या घरी. दिवाळीला जाताना नेलीत तरी चालेल.