नदीपात्रातले ढोल सुरू व्हायच्या आत

ऑगस्टमध्ये पुण्यात ड्रम रेकॉर्ड करायचे तर संध्याकाळी सातच्या आत आवरावं लागतं. त्यानंतर नदीपात्रात ढोल-ताशा पथकांचा सराव सुरू होतो आणि एरंडवण्यातल्या आमच्या स्टुडिओत ढोलाचा घुमारा भिंतीतून आत येतो. फोमने तो अडत नाही. फोम खोलीतला वरच्या पट्टीचा प्रतिध्वनी शोषतो. १०० हर्ट्झच्या खालचा आवाज थोपवायला जड, दुहेरी भिंत लागते. गुरुवारही नको, कारण दुरुस्तीसाठी वीज जायची ती बहुतेकदा गुरुवारीच. म्हणून मुंढवा-बाणेरच्या बारमध्ये वाजवणाऱ्या एका हार्ड रॉक बँडला बुधवारी सकाळी नऊला बोलावलं. आठ गाण्यांचा अल्बम, खर्च सगळा पदरचा. त्यातल्या तीन गाण्यांचे ड्रम आणि बेस गिटार त्या दिवशी उरकायचे होते.

ड्रमच्या स्किन आदल्या दिवशीच बदलायला लावल्या होत्या. नवी स्किन आधी ताणली जाते, सूर उतरत राहतो. त्यामुळे रात्रभर बसू द्यावी आणि सकाळी पुन्हा लावावी. बेस ड्रममध्ये एक उशी, पुढच्या स्किनला चिकटेल न चिकटेल अशी. स्नेअरवर (खाली तारा लावलेला, कडक वाजणारा ड्रम) शुअरचा एसएम५७ माइक, कडेपासून दोन बोटं आत, स्किनच्या चार सेंटिमीटर वर. दोन्ही ओव्हरहेड, म्हणजे ड्रमच्या वर लावलेले माइक स्नेअरच्या मध्यापासून दोरीने मोजून बरोबर एक मीटरवर. दोरी एकच वापरावी, म्हणजे स्नेअर डावी-उजवीकडे सरकत नाही.

तरी पहिल्या टेकला स्नेअर पत्र्याच्या डब्यासारखा वाजला. एकटा माइक ऐकला की भरदार, ओव्हरहेड उघडले की पोट, म्हणजे खालचा भरीवपणा, गायब. ड्रमर म्हणाला, “दादा, स्नेअर बदलू का?” बदलायची गरज नव्हती. आवाज सेकंदाला सुमारे ३४३ मीटर जातो. जवळच्या माइकनंतर ९६ सेंटिमीटर पुढच्या ओव्हरहेडला तो २.८ मिलिसेकंद उशिरा पोचतो, आणि एवढ्या अंतराने १८० हर्ट्झच्या आसपासच्या लाटा एकमेकींना खोडतात. स्नेअरचं पोट असतं नेमकं तिथेच. स्नेअरच्या चॅनेलची पोलॅरिटी उलटवली, म्हणजे लाटेचे चढ-उतार उलटे केले, आणि आवाज जागेवर आला. इक्वलायझरने २०० हर्ट्झ वाढवत बसणारे पुष्कळ भेटतात. जे खोडलं गेलंय ते वाढवून परत येत नाही.

खरा वेळ गेला तो लयीत, आणि तो जायलाच हवा होता. १२८ च्या क्लिकवर (हेडफोनमधली ठेक्याची टिकटिक, मिनिटाला १२८ ठोके) पहिलं गाणं वाजवलं तेव्हा चुकलं काहीच नव्हतं, पण ऐकवत नव्हतं. अंतरा घाईचा, कोरस दमलेला. गिटारवाल्याच्या फोनवर त्यांच्याच एका शनिवारच्या कार्यक्रमाचं रेकॉर्डिंग होतं. ते लावून टॅप करत मोजलं: अंतरा १२५, कोरस १३०, सोलो जवळपास १३३. लोक अंगावर यायला लागले की हा ड्रमर पुढे झुकतो, आणि बाकीचे त्याच्याबरोबर जातात. वर्षानुवर्षं बारमध्ये वाजवून कमावलेली ही चाल आहे. ती क्लिकखाली दाबली असती तर अल्बममध्ये बँड उरलाच नसता. म्हणून टेम्पो मॅप केला, म्हणजे क्लिकची गतीच गाण्याबरोबर बदलत ठेवली. अंतऱ्याला १२५, कोरसआधीच्या दोन आवर्तनांत हळूहळू १३०, सोलोला १३३. उडी एकदम मारली तर हेडफोनमध्ये धक्का बसतो आणि ड्रमर दचकतो, म्हणून दोन आवर्तनांचा चढ. असा मॅप असला की दोन टेक कापून जोडताही येतात. नुसतं क्लिकशिवाय वाजवलं तर ती सोय जाते.

त्यानंतरची दोन गाणी भराभर झाली. बेस डीआय बॉक्समधूनही (गिटारचा सिग्नल माइकशिवाय थेट रेकॉर्डिंगला देणारी डबी) घेतला आणि अँपसमोर माइक लावूनही.

सोबतीला वाजणाऱ्या गिटारच्या अँपची अर्थिंगची पिन तोडलेली निघाली. बारमध्ये गूं-गूं आवाज येतो म्हणून कुणीतरी हा उपाय केलेला असतो. हे भयंकर आहे. अँपच्या आत बिघाड झाला तर २३० व्होल्ट थेट गिटारच्या तारांवर येऊ शकतात, आणि ओठ माइकला लागलेले असतात. बुधवार पेठेतल्या तपकीर गल्लीतून नवी तीन पिनांची वायर आणवली, सगळे अँप एकाच बोर्डावर घेतले, डीआय बॉक्सची ग्राउंड लिफ्ट, म्हणजे सिग्नलच्या वायरमधली जमिनीची जोडणी तोडणारं बटण, दाबली. गूं-गूं थांबलं.

साडेपाचला तिसरं गाणं संपलं. गायकाने विचारलं, “दादा, बारमध्ये ज्यावर सगळे उठून नाचतात ते कव्हरपण घेऊया?” कव्हरची, म्हणजे दुसऱ्याचं गाणं आपण वाजवून काढण्याची, वाट दोन प्रकारे निघते: हक्कदाराची लेखी परवानगी, नाहीतर कॉपीराइट कायद्याचं कलम ३१ सी. त्यात मूळ गाण्याच्या पहिल्या रेकॉर्डिंगचं वर्ष संपल्यावर पाच वर्षं उलटलेली हवीत, आणि वर्षाला किमान ५०,००० प्रतींची रॉयल्टी भरावी लागते. पदरच्या पैशांनी अल्बम काढणाऱ्यांना हे परवडत नाही. ते पैसे मास्टरिंगला, म्हणजे अल्बमवरच्या शेवटच्या हाताला, ठेवा, असं सांगितलं आणि त्यांनी ऐकलं.

उरलेल्या वेळात पहिल्या गाण्याचा शेवट पुन्हा घेतला. शेवटची झांज विरताना ड्रमरच्या हेडफोनमधली टिकटिक ओव्हरहेडमध्ये पकडली जात होती. या खेपेला शेवटच्या ठोक्यावरच क्लिक तोडली आणि चारही जणांना झांज पूर्ण विरेपर्यंत हालू नका म्हणून बजावलं. दुसऱ्या टेकला जमलं. मिक्समध्ये तोच टेक लावलाय.