घाम येत होता, म्हणून मी गाफील राहिले

धावण्याच्या शर्यतीत अठराव्या किलोमीटरला माझी मैत्रीण पाण्याच्या टेबलापाशी थांबली आणि बुटाची नाडी बांधायला वाकली. नाडी सुटलेली नव्हतीच. बांधलेली गाठ सोडायची, पुन्हा बांधायची, पुन्हा सोडायची. "काय झालं गं?" विचारलं तर खेकसली, "मला काही झालेलं नाही!" एरवी ती कधी आवाज चढवत नाही. तिचा टी-शर्ट घामाने निथळत होता. मी मनात म्हटलं, घाम येतोय, म्हणजे उष्माघात नाही.

फार घातक समज आहे हा. उष्माघात म्हटलं की कोरडी, तापलेली कातडी आठवते. पण धावणाऱ्याला भरपूर घाम येत असतानाही तो होतो. स्नायू वापरतात त्यातली बहुतेक ऊर्जा उष्णता बनते. हवा दमट असली की घाम वाळत नाही, नुसता गळतो, आणि आतलं तापमान ४० अंशांच्या वर जातं. १९८४ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकच्या मॅरेथॉनमध्ये स्वित्झर्लंडची गॅब्रिएला अँडरसन-शीस लडखडत स्टेडियममध्ये आली, तेव्हा घाम येतोय हे बघूनच डॉक्टरांनी तिला पुढे जाऊ दिलं. शेवटच्या फेरीला तिला पाच मिनिटांहून जास्त वेळ लागला. ती वाचली. ते दृश्य मला आजही पूर्ण बघवत नाही.

माझी मैत्रीण दोनशे मीटरवर कोसळली. वैद्यकीय तंबूत गुदद्वारातून तापमान घेतलं, ४१ च्या वर. (कपाळावर किंवा काखेत मोजलेला आकडा अशा वेळी फसवतो.) मी ॲम्ब्युलन्ससाठी ओरडत होते, पण डॉक्टरांनी तिला आधी बर्फाच्या पाण्याच्या टबात गळ्यापर्यंत बुडवलं. आधी थंड करायचं, मग हलवायचं. पहिल्या अर्ध्या तासात तापमान उतरलं नाही तर मेंदू, यकृत, मूत्रपिंडं सगळंच धोक्यात येतं. पॅरासिटामॉलचा इथे उपयोग नसतो, कारण हा आजारातला ताप नव्हे.

तीन दिवस आधी तिला ताप येऊन गेला होता, हे मला नंतर समजलं. सराव वाया जाईल म्हणून ती बोलली नव्हती. तापातून उठून लगेच धावणं किती धोक्याचं, ते दोघींनाही ठाऊक नव्हतं.

ते नाडीचं तिला काहीच आठवत नाही. आता दर पाण्याच्या टेबलापाशी, डोकं ताळ्यावर आहे ना हे बघायला, आम्ही एकमेकींना शंभरातून सात-सात वजा करायला लावतो. चुकलं किंवा चिडचिड झाली, की थांबायचं. परवा शहाऐंशीच्या आसपास मीच अडखळले आणि "पुरे आता!" म्हणून वैतागले. तिने काही न बोलता माझा हात धरला आणि मला सावलीत नेऊन बसवलं.