दहा दिवसांत शिकवता तरी काय?

सीमापार संघटित गुन्हेगारीचा अभ्यास आणि प्रतिबंध या विषयावर मी दहा दिवसांचा निवासी अभ्यासवर्ग चालवतो, हे कळले की लोक हमखास विचारतात, की वर्षानुवर्षे मुरलेल्या टोळ्यांशी लढायला दहा दिवसांत कोण शिकणार? तुम्हीही विचारलेत, म्हणून सविस्तर सांगतो. लढायला तेवढ्यात कोणीच शिकत नाही. आम्ही एकच सवय लावू पाहतो. गुन्हा आपल्या हद्दीत उघडकीस आला, तरी त्याचा निम्मा पुरावा दुसऱ्या देशाच्या दप्तरात पडून आहे हे धरून चालायचे, आणि ते दप्तर आपल्यासाठी उघडले जाईल अशा रीतीने तपास कागदावर उतरवायचा.

पहिल्या सकाळी मी व्याख्या सांगत नाही, फळ्यावर तारीख लिहितो : २३ ऑक्टोबर २०१९. त्या पहाटे इंग्लंडमधील एसेक्स परगण्यात ग्रेज येथे एका शीतकरण ट्रेलरमध्ये ३९ व्हिएतनामी नागरिकांचे मृतदेह सापडले. माणसे ट्रेलरमध्ये चढली ती उत्तर फ्रान्समध्ये, ट्रेलर जहाजावर चढला तो बेल्जियममधील झीब्रुग बंदरात. पलीकडे तो ओढून नेणारा चालक उत्तर आयर्लंडचा होता आणि त्याच्या ट्रकची नोंदणी बल्गेरियात झालेली होती. मी प्रशिक्षणार्थींना एवढेच विचारतो, की यातला कोणता कागद कोणाकडे मागाल? तासाभरात फळा बाणांनी भरून जातो. नंतर मी सीमापार संघटित गुन्हेगारीविरुद्धचा २००० सालचा संयुक्त राष्ट्रांचा करार समोर ठेवतो, तेव्हा तिसऱ्या कलमातील ‘सीमापार’ या शब्दाची व्याख्या त्यांनी आधीच स्वतः रेखाटलेली असते. कृत्य एका देशात आणि त्याची आखणी किंवा सूत्रे दुसऱ्या देशात असली, तरीही तो गुन्हा सीमापारच ठरतो.

याच प्रकरणावरून दुसरा मुद्दाही निघतो. जवळजवळ प्रत्येक जण याला मानवी तस्करी म्हणतो. करारासोबतचे दोन वेगळे प्रोटोकॉल, म्हणजे पूरक करार, मात्र शोषणासाठी होणारी तस्करी आणि पैसे घेऊन केलेली स्थलांतरितांची चोरटी वाहतूक यांत फरक करतात. ब्रिटनमध्ये शिक्षा झाल्या त्या मुख्यतः सदोष मनुष्यवधाबद्दल आणि बेकायदा स्थलांतराला मदत करण्याच्या कटाबद्दल. शब्द चुकला, तर अशा प्रवासातून जिवंत वाचलेल्या माणसाला पीडित मानायचे की घुसखोर, इथपासून सारे चुकत जाते, म्हणून यावर मी अर्धा दिवस सुखाने खर्च करतो.

पैशाचा माग काढण्याचे दोन दिवस जोव्हान्नी फाल्कोने यांच्यापासून सुरू होतात. इटलीतील पालेर्मोच्या या न्यायदंडाधिकाऱ्यांनी हेरॉईनच्या व्यापाराचा तपास करताना बँकांतले धनादेश आणि खात्यांच्या नोंदी चाळायला घेतल्या, आणि त्या मागावरून ते परदेशातल्या तपासकांपर्यंत पोहोचले. १९८६ मध्ये माफियांविरुद्ध सुरू झालेल्या महाखटल्यात सुमारे ४७५ आरोपी होते. २३ मे १९९२ रोजी पालेर्मोजवळ कापाची येथे स्फोटात फाल्कोने यांची, त्यांच्या पत्नीची आणि तीन अंगरक्षकांची हत्या झाली. डिसेंबर २००० मध्ये संयुक्त राष्ट्रांचा तो करार स्वाक्षरीसाठी खुला झाला तो पालेर्मोतच. हे सांगताना माझा आवाज आजही जड होतो, आणि तो लपवावा असे मला वाटत नाही.

उरलेला सगळा वेळ जातो एका पत्रावर. परस्पर कायदेशीर साहाय्याचे विनंतीपत्र, म्हणजे दुसऱ्या देशाकडे पुरावा मागणारे पत्र, हे या कामाचे खरे हत्यार आहे, आणि ते लिहायला फारसे कोणी शिकवत नाही. कराराच्या अठराव्या कलमात त्यात काय हवे ते दिलेले आहे : विनंती करणारे कार्यालय, तपासाचे स्वरूप, घटनेचा गोषवारा, नेमके कोणते साहाय्य हवे, संबंधित व्यक्तीची ओळख, पुरावा कशासाठी हवा. बँकेच्या गोपनीयतेचे कारण देऊन विनंती नाकारता येत नाही, असेही तेच कलम सांगते. मात्र ते कृत्य समोरच्या देशात गुन्हाच नसेल, तर नकार मिळू शकतो. म्हणून आपल्या कायद्यातील कलमांची जंत्री न देता कृत्य सांगावे लागते.

एका वर्गात एका अनुभवी अधिकाऱ्यांनी अकरा पानी मसुदा आणला होता. टोळीचा इतिहास, म्होरक्याचे नातलग, जुने खटले, सगळे त्यात होते. मागणी शेवटच्या पानावर एका ओळीत होती : ‘सर्व बँक तपशील मिळावेत.’ मी विचारले, ‘साहेब, कोणत्या बँकेचे, कोणत्या खात्याचे, कोणत्या तारखेपासून?’ त्यांनी उत्तर न देता मसुदा परत घेतला आणि रात्री उशिरापर्यंत त्यावर बसले. सकाळी तीन पाने झाली होती. पहिल्याच परिच्छेदात खाते क्रमांक, चार महिन्यांचा कालावधी आणि ज्या दोन व्यवहारांवरून संशय आला ते दोन्ही व्यवहार तारखेसह होते. शेजारच्या बाकावर दुसऱ्या देशातल्या एक सरकारी वकील होत्या, अशी विनंतीपत्रे त्यांच्याच टेबलावर येत असत. त्यांनी ती पाने दोनदा वाचली, एका शब्दाखाली रेघ मारली आणि म्हणाल्या, ‘हा गुन्हा आमच्याकडे वेगळ्या नावाने आहे. नाव काढा, त्याने काय केले तेवढे लिहा. मग मला हे परत पाठवावे लागणार नाही.’