वय विचारायची सवय

एसटीत वाहक म्हणून मला चौदा वर्षं झाली. पाच ते बारा वर्षांच्या पोरांना हाफ तिकीट, त्यामुळे वय विचारणं आणि खोटं वय ऐकणं हे आमचं रोजचंच. मिसरूड फुटलेला मुलगा आईच्या मांडीवर बसून ‘अकरावं चालू आहे’ म्हणून सांगितला जातो. मुलींच्या बाबतीत मात्र १७ मार्च २०२३ पासून हा प्रश्नच उरला नाही. महिला सन्मान योजनेत सगळ्याच बायकांना निम्मं भाडं, मग दहाची काय आणि तेराची काय. तरी तोंडातून प्रश्न जातोच. त्या दिवशीही गेला.

सोलापूर–स्वारगेट, संध्याकाळची गाडी. चाळिशीचा माणूस, इस्त्रीचा शर्ट, हातात कापडी पिशवी. शेजारी खिडकीला शाळेच्या ड्रेसमधली मुलगी. दप्तर नाही. “एक फुल, एक हाफ, टेंभुर्णी.” सुट्टे पैसे मोजून तयार. “मुलीचं वय?” म्हटलं. तो म्हणाला, “दहा.” ती खिडकीकडे बघतच म्हणाली, “तेरा.”

तिकीट फाडून पुढे गेले, पण पोटात काहीतरी ढवळलं. भाडं वाचवायला लोक खोटं बोलतात. इथे वाचत तर काहीच नव्हतं. मग याला वय माहीतच नाही?

टेंभुर्णी आली, तो उतरला नाही. इंदापूरची दोन तिकिटं घेतली. इंदापूरला भिगवणची. टप्प्याटप्प्याने तिकीट काढलं तर पैसे जास्तच जातात. कुठे जायचं हे न ठरवता निघालेला माणूसच तसं काढतो. मी मुलीला शाळा विचारली, उत्तर त्याने दिलं. पाणी हवं का विचारलं, तेही त्यानेच. बोलणं मात्र अगदी गोड, दर वाक्याला ‘मॅडम’. त्या गोडव्याने मी निवांत झाले नाही. स्वारगेटला फेब्रुवारी २०२५ मध्ये बलात्काराचं जे प्रकरण घडलं, त्यातला माणूसही त्या तरुणीशी ‘ताई’ म्हणतच बोलला आणि गाडी तिकडे लागलीय सांगून तिला उभ्या शिवशाहीत घेऊन गेला, असं बातम्यांत आलं होतं. आम्ही सगळ्या वाहक बायकांनी ते वाचलंय.

नियंत्रकांना फोन लावला. “मॅडम, वाटतंय म्हणून गाडी फिरवता येत नाही. तक्रार आहे का कुणाची?” नव्हती. मला याचा अजून राग येतो. ज्याला तक्रार करता येत नाही त्याच्यासाठीच कुणाला तरी काहीतरी वाटावं लागतं, हे खुर्चीत बसून कळत नाही.

हॉटेलच्या थांब्यावर मुलगी बाथरूमकडे निघाली, तो मागोमाग. मी म्हटलं, “थांबा दादा, मी आहे तिच्यासोबत.” आत नळाखाली तिने बराच वेळ हात धुतले. मग विचारलं, “ताई, सोलापूरला परत जाणारी गाडी किती वाजता आहे?”

मी तिथूनच १०९८ ला, मुलांच्या हेल्पलाइनला फोन केला, मग पोलिसांच्या ११२ ला. चालक भाऊंना एवढंच म्हटलं, “भाऊ, गाडी पोलीस ठाण्यात घ्यायची.” त्यांनी एक शब्द विचारला नाही. प्रवासी ओरडले, एकाने व्हिडिओ काढला. मुलीकडे कुणी वळून पाहिलं नाही.

तो तिचा सख्खा बाप निघाला. तीन वर्षं वेगळा राहत होता. शाळा सुटताना घेऊन निघालेला, आईला पत्ता नाही. शेवटचं पाहिलं तेव्हा ती दहा वर्षांची होती, त्याच्या डोक्यात तेच वय राहिलेलं. म्हणजे ज्याला मी खोटं समजले ते त्याच्या लेखी खरं होतं.

पोलिसांनी आईला फोन लावून स्पीकर चालू केला. पोरगी सुखरूप आहे ऐकल्यावर ती रडेल असं मला वाटलं होतं. ती म्हणाली, “आधी त्याची पिशवी बघा.”

पिशवीत एक नवा फ्रॉक होता, किमतीचं लेबल तसंच, आणि बिस्किटांचे दोन पुडे. फ्रॉक दहा वर्षांच्या मुलीच्या मापाचा. तो टेबलावर पसरल्यावर बाप हमसून रडायला लागला. मुलगी त्याच्याकडे सरकली नाही. माझा पदर धरून उभी राहिली.

आम्ही एक तास दहा मिनिटं उशिरा निघालो. रडणारा बाप बघून मन कच्चं होतं, मग आईचं ते वाक्य आठवतं. तीन वर्षांत काय बघितलं असेल त्या बाईने, की पहिला विचार पिशवीचा यावा? पिशवीत फ्रॉकच निघाला म्हणून ती चुकली, असं मला म्हणवत नाही.

उशिराचा खुलासा मागितला गेला. नियंत्रक म्हणाले, “संशय आला” असं लिहू नका, टिकणार नाही. मी लिहिलं: मुलीचं वय चुकीचं सांगितलं, तीन टप्प्यांची वेगवेगळी तिकिटं घेतली, दप्तर नव्हतं, मुलीने परतीची गाडी विचारली. तिकीट क्रमांक सोबत जोडले.