इटलीतील आडनावांतले प्राणी

मिलानमधल्या इमारतींच्या दारांवर घंटेच्या बटणांशेजारी रहिवाशांची आडनावे लिहिलेली असतात आणि येता-जाता ती वाचणे मला आवडते. लुपी म्हणजे लांडगे, व्होल्पी म्हणजे कोल्हे, गात्ती म्हणजे मांजरे. आपल्याकडच्या कोल्हे, लांडगे, वाघ या मंडळींची आठवण न झाली तरच नवल.

मध्ययुगात इथल्या एकेका गावात अनेक जोव्हान्नी आणि अनेक पिएत्रो असत, त्यामुळे करारपत्र लिहिणारा नोटरी नावापुढे वडिलांचे नाव, गाव, धंदा किंवा लोकांच्या तोंडी असलेले टोपणनाव जोडत असे. असे टोपणनाव माणसाबरोबरच संपूही शकत होते. चित्रकार पाओलो दी दोनो पक्ष्यांच्या आवडीमुळे 'उच्चेल्लो', म्हणजे पक्षी, या नावाने ओळखला गेला. पादुआत दोनातेल्लोने घडवलेला अश्वारूढ पुतळा ज्याचा आहे, तो सेनानी एरास्मो दा नार्नी 'गात्तामेलाता' म्हणून, म्हणजे मधाळ मांजर म्हणून, प्रसिद्ध झाला. मात्र जे टोपणनाव मुलानातवंडांनाही चिकटले, ते घराण्याचे झाले. १५६३ मध्ये कॅथलिक चर्चच्या ट्रेंट येथील धर्मपरिषदेने चर्चमध्ये बाप्तिस्म्याच्या आणि विवाहाच्या नोंदवह्या ठेवणे बंधनकारक केले आणि आडनावे स्थिरावण्यास मोठा हातभार लागला. सार्डिनियातील पोर्कू (डुक्कर) आणि पुद्दू (कोंबडा) यांसारखी आडनावे आज तेथील लोक कोणताही संकोच न बाळगता लावतात, आणि मला ते फार आवडते.

परंतु प्राणी दिसला म्हणजे टोपणनावच असेल, असे धरून चालत नाही. लेओने (सिंह), लुपो आणि ओर्सो (अस्वल) ही त्या काळी रीतसर ठेवली जाणारी नावेही होती. रोमच्या बलाढ्य ओर्सिनी घराण्याचे नाव ओर्सो नावाच्या पूर्वजावरून आले आहे. गाल्लो म्हणजे कोंबडा खरा, पण गॉल प्रदेशातून (साधारणपणे आजच्या फ्रान्समधून) आलेल्यालाही गाल्लो म्हणत. 'रिच्चो' म्हणजे हेजहॉग हा छोटा काटेरी प्राणी, पण कुरळा असाही त्याचा अर्थ होतो, आणि रिच्ची हे आडनाव बहुतेक वेळा कुरळ्या केसांवरून पडलेले असते.

माझ्या मनात सर्वांत खोल रुतलेले आडनाव मात्र कोलोंबो, अर्थात कबुतर, हे आहे. मिलान आणि आसपासच्या लोंबार्दी प्रदेशात ते अतिशय प्रचलित आहे. १४५६ मध्ये मिलानचा ड्यूक फ्रांचेस्को स्फोर्त्सा याने स्थापन केलेल्या मिलानच्या 'ओस्पेदाले माज्जोरे' या इस्पितळाचे बोधचिन्ह कबुतर होते आणि त्याच्या आश्रयाला आलेल्या, आईवडिलांनी सोडून दिलेल्या बालकांना एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धापर्यंत कोलोंबो हेच आडनाव दिले जाई. पुढे ही प्रथा बंद करण्यात आली, कारण जन्मभर वागवायच्या आडनावातच त्या मुलांच्या अनाथपणाची खूण राहत होती. नेपल्समध्ये अशाच मुलांना एस्पोझितो, म्हणजे 'उघड्यावर ठेवलेला', असे म्हणत. त्यापुढे मिलानने दिलेले कबुतर, जे ख्रिस्ती परंपरेत पवित्र आत्म्याचे प्रतीक आहे, मला अधिक मायेचे वाटते.

तरीही आज भेटणाऱ्या प्रत्येक कोलोंबोचा पूर्वज इस्पितळाच्या दारात सापडलेला होता, असे म्हणता येत नाही. कोलोंबो हे पुरुषांचे नावही होते, आणि जेनोव्हाच्या क्रिस्तोफोरो कोलोंबोचे, म्हणजे आपल्या कोलंबसाचे, घराणे हे इस्पितळ स्थापन होण्यापूर्वीपासून ते आडनाव लावत होते. एखाद्या कुटुंबाचे कबुतर नेमके कोठून आले, हे चर्चच्या आणि इस्पितळाच्या जुन्या नोंदवह्या उघडल्यावरच कळू शकते.