डग्गा हरवलेला अँप्लिफायर

जुने अँप्लिफायर दुरुस्तीला येतात तेव्हा तक्रार बहुतेक वेळा सरळ असते. एक बाजू बंद आहे, व्हॉल्यूम फिरवला की खरखरतं, चालू केला की फ्यूज उडतो. अशा सेटला मी घाबरत नाही, कारण त्यात काहीतरी मेलेलं असतं आणि मेलेलं सापडतं. डोक्याला ताप होतो तो ‘चालतो सगळा, पण मजा येत नाही’ असं म्हणत आणलेल्या सेटचा.

पुण्यातल्या तापकीर गल्लीपासून हाकेच्या अंतरावर माझं दुकान आहे. तिथे एक निवृत्त काका असाच एक सेट घेऊन आले. सत्तरच्या दशकातला जपानी इंटिग्रेटेड अँप्लिफायर, चॅनेलला ४० वॅटचा, पुढची पट्टी जाड ॲल्युमिनियमची, स्विच दाबला की खट्टकन बसणारे. कंपनी सांगत नाही. नाव कळलं की लोक दुरुस्तीचं राहू देतात आणि भाव विचारतात. मुंबईच्या एका विक्रेत्याकडून काकांनी तो ‘सगळे कंडेन्सर नवे टाकलेत’ या बोलीवर घेतला होता.

“आवाज आहे रे, पण अंग नाही,” काका म्हणाले. “तंबोरा ऐकू येतो, गवई ऐकू येतो. डग्गा मात्र पत्र्याच्या डब्यासारखा वाजतो. बास पूर्ण वाढवला, लाउडनेस लावला, तरी तेच.”

मी म्हटलं, “स्पीकर पण आणायचे ना काका.”

“ती धुडं कोण उचलणार? आणि स्पीकर उत्तम आहेत माझे. गेल्याच वर्षी दुरुस्त करून घेतलेत.”

‘गेल्याच वर्षी दुरुस्त करून घेतलेत’ हे वाक्य मी मनात नोंदवून ठेवलं आणि सेट उघडला.

आधी मागचा व्होल्टेज सिलेक्टर पाहिला. तो २४० वर होता, म्हणजे ठीक. खास जपानच्या बाजारासाठी बनलेले सेट १०० व्होल्टचे असतात. लोक ते इथे ११० च्या स्टेपडाउनवर चालवतात आणि मग ‘फार तापतो हो’ म्हणत येतात. हा तसा नव्हता. तरी अनोळखी सेट मी थेट मेन्सवर लावत नाही. १०० वॅटचा बल्ब सिरीजमध्ये असलेला माझा टेस्टिंग बोर्ड आहे, त्यावर लावला. बल्ब क्षणभर लखलखला आणि मंद झाला, म्हणजे आत शॉर्ट नव्हता. डीसी ऑफसेट, म्हणजे गाणं नसतानाही स्पीकरकडे जाणारं व्होल्टेज, डावीकडे १२ मिलिव्होल्ट, उजवीकडे १८. पन्नासच्या आत असला की मी पुढे जातो. बायसही (ट्रान्झिस्टरमधून कायम वाहणारा थोडा करंट) मॅन्युअलप्रमाणे होता. फिल्टर कंडेन्सर खरोखरच नवे होते आणि हम (मेन्सची गुणगुण) नव्हता. विक्रेत्याचं बोलणं इथवर तरी खरं निघालं.

मग ठरावीक सूर देणारा सिग्नल जनरेटर लावला आणि दोन्ही चॅनेल स्कोपवर, म्हणजे लाट दाखवणाऱ्या पडद्यावर, घेतले. १००० हर्ट्झला दोन्ही लाटा एकमेकींवर अगदी तंतोतंत बसल्या. हीच चाचणी करून बरेच जण सेट ‘ओके’ म्हणून परत देतात. पण काका डग्ग्याबद्दल बोलत होते आणि डग्ग्याचा घुमारा १००० हर्ट्झला नसतो. म्हणून बासची खुंटी मधोमध ठेवली, लाउडनेस (खालचे सूर उचलून देणारं बटण) बंद केला आणि हळूहळू खाली उतरत गेलो. १०० ला डावी लाट जरा खुजी दिसायला लागली. ४० हर्ट्झला ती उजवीच्या जेमतेम निम्मी उरली.

फक्त खालचे सूर कमी होतात तेव्हा ट्रान्झिस्टर सहसा निर्दोष असतात. सिग्नलच्या वाटेवरचा नाहीतर फीडबॅकमधला (आउटपुटचा थोडा भाग परत आत नेणाऱ्या वाटेवरचा) एखादा कंडेन्सर आपलं काम करत नसतो. बोर्ड उलटा केला. सोल्डरिंग स्वच्छ होतं, काम करणारा हात सरावलेला होता. उजव्या चॅनेलच्या फीडबॅकमध्ये ५६० ओहमच्या रेझिस्टरला लागून ४७ मायक्रोफॅरडचा कंडेन्सर होता. डावीकडे त्याच जागी त्याच रंगाचा कंडेन्सर, पण उंचीने किंचित कमी. भिंगाखाली धरला तेव्हा ४ आणि ७ च्या मधला टिंब दिसला. ४.७! ४७ असताना खालची मर्यादा ६ हर्ट्झच्या आसपास पडते, म्हणजे कानाच्याही खाली. ४.७ टाकल्यावर तीच ६० हर्ट्झवर चढते. एका टिंबामुळे डाव्या चॅनेलचा तळच गेला होता.

४७ चा टाकला आणि दोन्ही लाटा २० हर्ट्झपर्यंत जोडीने उतरल्या. दुकानातल्या माझ्या स्पीकरवर तासभर तबला लावून ठेवला. डग्गा छान बोलत होता. काका सेट घेऊन गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी फोन आला. “थोडा फरक आहे, नाही असं नाही. पण अंग नाहीच.”

इथे पुष्कळ मेकॅनिक म्हणतात, ‘आता तुमच्या कानांनाच सवय नाही.’ मला ते पटत नाही. रोज तेच ऐकणाऱ्या माणसाला आजाराचं नाव सांगता येत नसेल, पण दुखतं कुठे ते तो बरोबर सांगतो. दुपारी बॅग उचलली आणि सदाशिव पेठेत गेलो.

काकांची खोली म्हणजे दोन भिंतींना पुस्तकं, तिसरीला लोखंडी कपाट आणि खिडकीखाली सहा फुटांच्या अंतरावर दोन मोठे लाकडी स्पीकर. तारा पाहिल्या. लाल लालला, काळी काळीला, दोन्हीकडे बरोबर. रेकॉर्ड लावली आणि अँप्लिफायरचं मोनोचं बटण (दोन्ही स्पीकरना एकच आवाज देणारं) दाबलं. मोनोवर गवई दोन स्पीकरच्या बरोबर मध्ये बसलेला ऐकू यायला हवा. इथे तो मध्ये नव्हताच. आवाज दोन्ही कडांना पांगला होता आणि मान जराशी वळवली की कानांत विचित्र दडे बसल्यासारखं होत होतं. ज्याने हे एकदा ऐकलंय त्याला मीटर लागत नाही. एक स्पीकर पुढे ढकलतो तेव्हा दुसरा मागे ओढतो, त्याचं हे लक्षण.

यात फक्त खालचेच सूर का मरतात, हे काकांना कागदावर काढून दाखवलं. ६० हर्ट्झची लाट हवेत पावणेसहा मीटर लांब असते. तिच्यापुढे सहा फुटांचं अंतर काहीच नाही. एका स्पीकरने दाबलेली हवा दुसरा तिथल्या तिथे ओढून घेतो आणि बेरीज शून्याच्या जवळ जाते. ३००० हर्ट्झची लाट साडेअकरा सेंटिमीटरची. ती कुठे जुळते, कुठे कटते, एकंदरीत वाचते. म्हणून तंबोऱ्याची जवारी शाबूत राहिली आणि डग्गा गेला. बासची खुंटी कितीही फिरवा, दोन्हीकडे सारखंच वाढणार आणि सारखंच वजा होणार.

“पण तारा तर बरोबर आहेत ना?” काका म्हणाले.

“बाहेरच्या बरोबर आहेत.”

अँप्लिफायरकडून तारा सोडवल्या आणि बॅगेतला दीड व्होल्टचा सेल काढला. उजव्या स्पीकरच्या लालला सेलचा प्लस, काळ्याला मायनस, क्षणभरच टेकवायचा. टप्प आवाज झाला आणि वूफरचा, म्हणजे पेटीतल्या खालच्या सुरांच्या स्पीकरचा, कोन (शंकूसारखा पडदा) बाहेर आला. डाव्याला टेकवला, कोन आत गेला. काका खाली वाकून पाहत होते. त्यांनी माझ्या हातातून सेल घेतला आणि स्वतः परत करून बघितलं.

वूफरचे स्क्रू काढले. कडेचा फोम नवा होता. जुन्या स्पीकरचा फोम वर्षांनी सडून भुसा होतो, तो गेल्या वर्षीच्या दुरुस्तीत बदलला होता आणि बदललाही चांगला होता. मात्र परत जोडताना क्रॉसओव्हरकडून (खालचे-वरचे सूर वेगळे करणाऱ्या सर्किटकडून) आलेली लाल तार मायनसच्या टॅगवर डाखली होती. प्लसच्या टॅगजवळ कंपनीने लावलेला लाल ठिपका होता, पण त्यावर डिंकाचा थर चढून तो दिसेनासा झाला होता.

मागच्या बाजूने लाल-काळी उलटी केली असती तरी डग्गा आला असता, मिनिटाचं काम. पण मग त्या पेटीतला ट्वीटरही (वरचे सूर वाजवणारा लहान स्पीकर) उलटला असता. तो बिचारा मुळातच बरोबर होता. वूफर आणि ट्वीटर जिथे एकमेकांकडे काम सोपवतात, नेमक्या त्या भागात डावा-उजवा वेगळे वागले असते. म्हणून वूफरच्याच दोन तारा अदलाबदल करून डाखल्या. ट्वीटरच्या तारांना हात लावला नाही. काही पेट्यांत तो कंपनीतूनच उलटा जोडलेला असतो, क्रॉसओव्हरच्या हिशोबाने.

स्क्रू कसले, तारा जोडल्या, तीच रेकॉर्ड पुन्हा लावली. पहिल्याच समेला असा दणका बसला की लोखंडी कपाटाचं दार थरथरलं आणि आतून काकू बाहेर आल्या, “कोण दार वाजवतंय?” बासची खुंटी अजून टोकाला होती आणि लाउडनेसही चालूच होता. लाउडनेस बंद केला, खुंटी मध्यावर आणली. मग तबलजी तळव्याने पुडी दाबून डग्ग्याचा सूर वर चढवतो ना, तो चढताना स्वच्छ ऐकू आला. गवईही येऊन बरोबर मध्ये बसला.

काका काही बोलले नाहीत. रेकॉर्डची बाजू संपली, ती उलटली आणि परत बसले. मी बॅग आवरत होतो तेवढ्यात त्यांचा फोन वाजला. वैतागून त्यांनी आदल्या रात्रीच अँप्लिफायर विक्रीला काढला होता, ते मला तेव्हा कळलं. पलीकडचा माणूस संध्याकाळी बघायला येतो म्हणत होता.

“गेला हो तो, सकाळीच गेला,” काका म्हणाले आणि मला हाताने खूण केली, आवाज कमी कर.