आमची वाटचाल : पावडरीच्या दरापासून खव्याच्या कढईपर्यंत

कर्नाटकाच्या सीमेवरल्या निपाणी-चिक्कोडी पट्ट्यात आमचं दूध संकलन केंद्र सुरू झालं तेव्हा काम सरळ होतं. गाईचं दूध गोळा करायचं, बल्क कूलरला ४ अंशांवर आणायचं आणि टँकरनं दूध पावडरीच्या प्लँटला धाडायचं. दर त्यांचा, कमिशन आमचं.

दर का पडतो, याचं गणित तिथंच उमगलं. १०० लिटर गाईच्या दुधातून साधारण साडेआठ किलो पावडर आणि चार किलोंच्या आसपास बटर निघतं. पावडर किलोमागे ५० रुपयांनी उतरली, की लिटरमागे सव्वाचार रुपये गेलेच. ते प्लँट सोसत नाही, गोठ्यावर येतात. सीमेवर आणखी एक अडचण. कर्नाटकाचं लिटरमागे ५ रुपये प्रोत्साहनधन सहकारी संघाला दूध घालणाऱ्यांना, आणि २०२४ मध्ये महाराष्ट्रानं दिलेलं अनुदान तिकडच्या शेतकऱ्यांना. आमच्यासारख्या खासगी केंद्राला दूध घालणारा इकडचा शेतकरी दोन्हीकडून कोरडाच.

दर पडला की शेतकरी आधी पेंड कमी करतो. उसाचं वाडं फुकटात असतं, त्यावर जनावर पोट भरतं, पण ऊर्जा कमी पडली की एसएनएफ, म्हणजे दुधातला फॅट सोडून उरलेला घन भाग, घसरतो. मग कपात लागते, बिल आणखी उतरतं, पेंड आणखी कमी. हे चक्र दरापेक्षा वाईट.

मोजणीतही पैसा गळतो. एसएनएफ काढायचा तो असा : डिग्री, म्हणजे दुधाची घनता मोजणाऱ्या लॅक्टोमीटरवरचा आकडा, भागिले ४, अधिक फॅटच्या ०.२ पट, अधिक स्थिरांक. डिग्री २९, फॅट ३.५ असेल तर स्थिरांक ०.३६ धरून ८.३१ येतो, ०.१४ धरून ८.०९. दूध तेच! म्हणून कुठला स्थिरांक धरला ते आम्ही केंद्राच्या भिंतीवर लिहून ठेवलंय. लॅक्टोमीटर २७ अंश तापमानाला जुळवलेला. कोमट दुधात तो खाली बसतो, तेव्हा दर जादा अंशाला डिग्रीत ०.२ मिळवायचेच.

पावडरीच्या दरातून थोडं तरी सुटावं म्हणून खवा सुरू केला. म्हशीच्या २० लिटरांत सव्वाचार किलो खवा पडतो, गाईच्या दुधात साडेतीनच्या आतच, तोही ओलसर आणि पिवळट. बेळगावच्या कुंदा या मिठाईवाल्यांना म्हशीचाच लागतो, त्यामुळे गाईच्या दुधाचा प्रश्न यानं सुटत नाही, हे कबूल. संध्याकाळचं न थंडावलेलं दूध सकाळच्यात मिसळलं की आंबटपणा वाढतो आणि खवा फुटून दाणेदार होतो. म्हणून प्रत्येक कॅनचं ५ मिली दूध परीक्षानळीत उकळून बघायचं. गुठळी दिसली तर तो कॅन कढईत नाही. शेवटच्या टप्प्यात आच निम्मी करावी लागते, नाहीतर बुडाला लागतं. गोळा कढईची कड सोडू लागला की खाली उतरवायचा. उशीर झाला तर तूप सुटतं आणि वजनही जातं.

लग्नसराईत आणि दिवाळीच्या तोंडावर खवा पुरत नाही. पितृपंधरवड्यात पडून राहतो, तेव्हा म्हशीचं दूधही मिळेल त्या दरानं टँकरमध्येच जातं.